'सौम्य' म्हणजे किती सौम्य?

मैत्रिणींनो, 'बिनाइन' या इंग्रजी शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर उत्तमच, हा लेख सोडून थेट पाककृतींच्या पानाकडे वळलात तरी माझा राग नाही. ठाऊक नसेल तर मात्र दोन घटका माझ्यापाशी बसा. कारण या एका शब्दापायी मी शनिवारची रात्र, अख्खा रविवार आणि पुन्हा रविवारची रात्र कशी काढली, ते माझे मला माहीत!

सासूबाईंच्या गळ्यावर सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती की खुपत नव्हती. पण डॉक्टर म्हणाले, थायरॉइडच्या ग्रंथीवरची गाठ आहे, बारीक सुईने पेशी काढून तपासून घेऊ. तपासणी झाली आणि शनिवारी संध्याकाळी मी एकटीच रिपोर्ट आणायला गेले. आमचे हे ऑफिसच्या कामाने नागपूरला गेलेले. डॉक्टरांचा दवाखाना थेट सोमवारी सकाळी उघडणार. लिफाफा उघडा होता. उघडा लिफाफा हातात असताना न वाचता घरी येणारी बाई मी तरी अजून पाहिलेली नाही.

आत लिहिले होते, 'बिनाइन फॉलिक्युलर नोड्यूल'. झाले! मी बी.ए., तेही मराठी घेऊन. एका शाळेत अर्धवेळ शिकवते, बसच्या पाट्या, बिले, मुलांच्या शाळेच्या सूचना सगळे इंग्रजी वाचते. पण हे तीन शब्द म्हणजे समोर भिंतच. रिक्षात बसल्याबसल्या मोबाइल काढला आणि पहिला शब्द शोधला. अर्थ आला, 'सौम्य, दयाळू'. दयाळू गाठ कशी असेल? म्हणजे 'सौम्य'च. आणि सौम्य म्हणजे काय, तर थोडासा! थोडासा कॅन्सर! आणखी शोधावे म्हणून बोट सरकवले, तर गाठी, शस्त्रक्रिया, किरणोपचार असे काय काय समोर येऊ लागले, की मी तो मोबाइल पर्समध्येच टाकून दिला.

तुम्ही म्हणाल, कुणाला तरी विचारायचे. शेजारी मेडिकलच्या दुकानात जाणारा मुलगा राहतो, वरच्या मजल्यावर निवृत्त नर्सबाई आहेत. पण मैत्रिणींनो, खरे सांगते, लाज वाटली. "बाई, तुम्ही तर शाळेत शिकवता!" हे वाक्य कुणी म्हणेल, या भीतीने मी जिना चढले नाही. रविवारी सकाळी उगीचच सासूबाईंना आवडतो म्हणून साखरभात केला. "आज काय विशेष गं?" त्यांनी विचारले. "काही नाही हो आई, सहज," असे म्हणून मी मोरीत जाऊन डोळे धुऊन आले.

सोमवारी डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "छान! बिनाइन आहे. म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करून बघू." एवढे सोपे! मला तिथेच रडू फुटले. परतताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या तोंडाकडे बघूनच मी काय ते समजले होते. काल दुपारी तू आडवी झालीस तेव्हा बेबीला फोन करून, माझ्या पाटल्या तुझ्याच म्हणून सांगून बसले. आता परत कशा मागू?"

त्या पाटल्यांचे काय झाले ते पुढे सांगते. आधी त्या शब्दाचे. मोबाइलने मला चुकीचा अर्थ सांगितला होता का? नाही, 'सौम्य' बरोबरच होते. चूक झाली ती एका शब्दाला एकच मराठी शब्द चिकटवून मोकळे होण्यात. लहानपणी आपण सगळ्यांनी असेच पाठ केले ना? बिग म्हणजे मोठा, स्मॉल म्हणजे लहान. पोटापुरते तेवढे चालते. पण मोठ्या शब्दांची जात वेगळी. त्यांचा अर्थ त्यांच्या विरुद्ध शब्दात आणि त्यांच्या सोबतीत असतो. 'बिनाइन'चा विरुद्ध शब्द 'मॅलिग्नंट', म्हणजे कॅन्सरची. ही जोडी एकत्र शिकले असते, तर दोन रात्री झोप लागली असती. लॅटिनमध्ये 'बेने' म्हणजे चांगले आणि 'माले' म्हणजे वाईट. एकदा हे कळले की बेनिफिट म्हणजे लाभ आणि मालन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण, आपोआप उलगडते. मलेरियासुद्धा यातलाच बरे का! इटालियन भाषेत त्याचा अर्थ 'वाईट हवा'. दलदलीच्या दूषित हवेने ताप येतो अशी जुनी समजूत होती. डासाच्या पोटात त्या तापाचा जंतू रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला शोधला तो १८९७ साली. समजूत गेली, नाव तेवढे राहिले.

दवाखान्यातले असे फसवे शब्द मी मग वहीत टिपत गेले. 'अनरिमार्केबल' हा त्यातला माझा लाडका. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'लिव्हर अनरिमार्केबल' असे वाचून कुणालाही वाटेल, यकृत अगदीच सुमार दिसते आहे! प्रत्यक्षात शेरा मारण्याजोगे काही दिसले नाही, म्हणजेच सगळे ठीक. 'निगेटिव्ह' तसेच. रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडले नाही, बहुतेक वेळा पेढे वाटावेत अशीच बातमी. 'अ‍ॅक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेले, आणि 'क्रॉनिक' म्हणजे जुनाट, रेंगाळलेले. आपण दोन्हींचा अर्थ 'भयंकर' असाच धरतो. क्रॉनिकच्या मुळाशी ग्रीक भाषेतला काळ आहे, भीती नाही. आणि 'टेंडर'? सरकारी कचेरीत निविदा, बाजारात 'टेंडर कोकोनट' म्हणजे आपले शहाळे, आणि डॉक्टरांनी पोट टेंडर आहे असे लिहिले तर ते दाबल्यावर दुखते. एकच शब्द, पण तीन घरी तीन स्वभाव, एखाद्या सासुरवाशिणीसारखा.

दवाखान्यानंतर बँक. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचे नवऱ्याबरोबर जोडखाते होते. नवरा अचानक अतिदक्षता विभागात दाखल झाला आणि या पैसे काढायला गेल्या, तर निघेनात. खात्यावर लिहिले होते 'जॉइंटली', म्हणजे दोघांच्याही सह्या हव्यात. तेच 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असते, तर दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने व्यवहार झाला असता, आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याच्या हाती खाते राहिले असते. खाते उघडताना त्या अर्जावर त्यांनी स्वतः सही केली होती, 'इथे करा' म्हणून बोट दाखवले तिथे. मैत्रिणींनो, आपण किती कागदांवर अशा सह्या केल्या असतील! शेवटी बहिणीने पैसे आणून दिले म्हणून निभावले.

आज दुपारी कपाट उघडून घरातले कागद काढा आणि एवढे शब्द शोधा. 'नॉमिनी' म्हणजे आपल्यामागे बँक ज्याच्या हाती पैसे देईल ती व्यक्ती, पण तीच कायद्याने वारस असेल असे नाही. 'गॅरंटर' म्हणजे जामीन. भाचा कर्ज घेतो म्हणून तुम्ही कौतुकाने सही केलीत आणि त्याने हप्ते थकवले, तर बँक तुमच्या दारात येऊ शकते. 'लॅप्स' म्हणजे हप्ता न भरल्याने विमा बंद पडणे. आणि आरोग्यविम्याच्या कागदात 'एक्स्क्लूजन्स' या मथळ्याखाली जे काही असेल ते आधी वाचा. विमा कशाकशाचे पैसे देणार नाही, त्याची ती यादी असते. बाकीची गुळगुळीत पाने नंतर वाचलीत तरी चालतील.

आता पाठ कसे करायचे? मी स्वतः दुधाच्या हिशोबाच्या वहीची मागची पाने घेतली. रोज तीनच शब्द. शब्द, त्याचा विरुद्ध शब्द, आणि आपल्या घरातले एक वाक्य. 'अवर मिल्कमन इज क्रॉनिकली लेट' हे माझे पहिले वाक्य. व्याकरण तपासायला मुलगी आहेच, नववीत आहे, आईची चूक काढायला कधी मागेपुढे पाहत नाही. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन विद्वानाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. आपण शिकलेले पहिल्या काही तासांतच भराभर विसरतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. म्हणून सकाळचे तीन शब्द मी रात्री ओटा पुसताना आठवते, मग दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. वहीत बघून वाचायचे नाहीत, आठवायचे. आठवलाच नाही तर पान उलटायचे. त्या क्षणाच्या चडफडण्यानेच शब्द पक्का बसतो असा माझा अनुभव.

एक इंग्रजी-मराठी शब्दकोश घरी असावाच, पण जोडीला इंग्रजी-इंग्रजीही हवा, शिकणाऱ्यांसाठी केलेला. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी या मास्तरांनी असा एक कोश तयार केला, तो १९४२ साली टोकियोत निघाला, आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने छापला. परक्या मुलांना शब्द कुठे अडतात हे मास्तरांना वर्गातच कळलेले, म्हणून त्यात सोपा अर्थ आणि वाक्ये दोन्ही. नवी आवृत्ती महाग वाटली तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळते, माझी तिथलीच आहे.

आणि आपल्याला वाटते तितके आपण परक्या घरी नसतो. तुमच्या शेगडीवर 'ऑटो इग्निशन' लिहिले असेल, त्या इग्निशनचे आणि आपल्या अग्नीचे मूळ एकच. डेंटल आणि दंत, नेझल आणि नासिका, जुव्हेनाइल आणि युवा, विडो आणि विधवा, सगळी चुलत भावंडे. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ सालच्या भाषणात सांगितले होते. मात्र दिसायला सारखे ते सारेच नातलग नव्हेत हं. इंग्रजीतले 'बॅड' आणि आपल्या 'बदनाम'मधले फारसी 'बद', अर्थ एक, उच्चार जवळचा, नाते काहीच नाही! उलट इंग्रजीतला 'मॉन्गूस' आपल्या मुंगुसावरूनच गेला, असे कोशकार सांगतात.

मात्र जड शब्द मिरवायला म्हणून शिकू नका. भिशीत चार बायकांसमोर एखादा लांबलचक शब्द फेकून गप्प बसवणाऱ्या बाई तुमच्याही ओळखीच्या असतील. शिवाय फजिती ठरलेली. आमच्या नात्यात एका मुलीच्या माहितीपत्रात 'होमली' असे लिहून ते अमेरिकेत वाढलेल्या मुलाकडे पाठवले. आपल्याकडे होमली म्हणजे घरगुती वळणाची. तिकडे अर्थ होतो, दिसायला बेताची. मुलाने फोटो बघून विचारले म्हणे, तुम्ही स्वतःच्या मुलीबद्दल असे का लिहिता?

वेळ मिळत नाही, या वयात कसे जमेल, घरचे हसतील, हे मीही म्हणत होते. रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ साली झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. पतीने आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवायला घेतले, आणि घरातल्या बायकांनी टोमण्यांनी जीव नकोसा केला. हे सारे त्यांनी १९१० साली निघालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आपल्याला फार तर नववीतली मुलगी हसेल. हसू दे.

आणि हो, पाटल्या! वन्संनी फोनवरच सांगितले, "आई, बोललीस ते बोललीस. मी काही विसरणार नाही." सासूबाई अजून धुसफुसतात. वर्षाने सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन मी घरी आले, तर त्या दारातच उभ्या. चष्मा पुढे करून म्हणाल्या, "ते तुझं बिनाइन लिहिलंय का, तेवढं आधी बघ. मग मी बेबीला फोन करते."