लेत्नावरचा स्टालिन

स्टालिनच्या सत्तरीचं निमित्त साधून १९४९ साली प्रागमध्ये त्याच्या भव्य स्मारकाचा घाट घातला गेला. जागा ठरली व्ल्तावा नदीकाठची लेत्ना टेकडी, सगळ्या शहराला दिसणारी. स्पर्धेतून निवड झाली ती ओताकार श्वेत्स यांच्या आराखड्याची. हा माणूस मुळात वेगाचं वेड असलेला शिल्पकार. १९२०च्या दशकात त्यानं घडवलेला मोटारसायकलस्वार आजही थक्क करतो. त्याच्या वाट्याला आता १७,००० टनांचं ग्रॅनाइटचं स्मारक आलं.

शिल्प १५.५ मीटर उंच, २२ मीटर लांब. पुढे स्टालिन, एक हात कोटात, आणि मागे दोन ओळींत कामगार, शेतकरी, सैनिक. बाजूनं पाहिलं की ती रांगच वाटे. मांसाची टंचाई रोज भोगणाऱ्या लोकांनी तिला नाव दिलं ‘मांसाची रांग’. एक मे १९५५ला अनावरण झालं, तेव्हा स्टालिनला जाऊन दोन वर्षं उलटली होती. श्वेत्स यांनी तर अनावरणाच्या काही आठवडे आधीच आत्महत्या केली होती. त्यांची पत्नीही त्याआधी त्याच मार्गानं गेली होती. या स्मारकाचा हिशेब मांडताना मला ही दोन माणसं आधी आठवतात, ग्रॅनाइट नंतर.

अनावरणाला वर्षही झालं नाही तोच सोव्हिएत नेता ख्रुश्चेवनं स्टालिनचे गुन्हे पक्षापुढे मांडले. प्रागचे नेते मात्र आणखी सहा वर्षं चालढकल करत राहिले. अखेर नोव्हेंबर १९६२मध्ये सुरुंग लावून शिल्प उडवलं गेलं. फोटो काढायला बंदी होती, वर्तमानपत्रं गप्प होती. ते उभारताना लोकांना कुणी विचारलं नव्हतं, पाडतानाही नाही. पाडलं ते योग्यच झालं. पण ते ज्या चोरट्या रीतीनं पाडलं, ती रीत स्टालिनच्याच राजवटीची होती, असं मला ठामपणे वाटतं.

चौथरा तेवढा उरला. १९९१ साली त्यावर एक प्रचंड तालमापक बसवला गेला.

स्टालिनचं शिल्प ज्या चोरट्या रीतीनं पाडलं, त्यामुळेच प्रागमधल्या मार्शल कोनेवच्या पुतळ्याची गोष्ट मला वेगळी वाटते. १९८० साली प्राग-६ भागात तो उभारला गेला. १९४५ साली शहरात शिरलेल्या सोव्हिएत सैन्याचा हा सेनानी. पण १९५६ साली हंगेरीतला उठाव चिरडण्यातही त्याचाच हात होता. २०१८ साली तिथे हे सगळं सांगणारा फलक लागला, त्यावरून वाद पेटला. २०१९ साली स्थानिक परिषदेनं मतदान घेऊन पुतळा हलवायचं ठरवलं आणि एप्रिल २०२०मध्ये क्रेननं तो उतरवला गेला. रशियानं थयथयाट केला, महापौरांना पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. पण या वेळी बाजूचे आणि विरोधातले, दोघेही चौकात उभे राहून उघड बोलत होते.