मंदावलेल्या स्मृतीचा सराव

हिंगोलीच्या एखाद्या कचेरीत पस्तिशीतील एक कारकून आवक-जावक नोंदवहीसमोर बसला आहे, अशी कल्पना करावी. हस्ताक्षर पूर्वीसारखेच वळणदार. परंतु टपालाचा क्रमांक वाचून तो वहीत उतरवीपर्यंत मधला आकडा मनातून निसटतो. साहेबांनी एका दमात सांगितलेल्या तीन कामांपैकी शेवटचे तेवढे ध्यानात राहते. हळूहळू सहकारी कुजबुजू लागतात आणि गोपनीय अहवालात ‘कामात लक्ष नाही’ असा शेरा पडतो.

लक्ष नाही हे खरे. मात्र त्याचे कारण मल्टिपल स्क्लेरोसिस ही व्याधी असू शकते. विजेच्या तारेवर असते तसे मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टन असते. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यावरच उलटते, वेष्टन झिजते आणि संदेश रेंगाळतो. बहुधा विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांत, म्हणजे ऐन उमेदीच्या काळात, ही व्याधी गाठते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. फ्रेंच वैद्य शार्को याने 1868 साली तिचे पद्धतशीर वर्णन केले, तेव्हा स्मृती क्षीण होते हेही त्याने नोंदविले होते. तरीही पुढे शंभराहून अधिक वर्षे साऱ्यांचे लक्ष रुग्णाच्या पायांकडे आणि दृष्टीकडेच राहिले. लंगडणारा माणूस दिसतो. विचाराचा मंदावलेला वेग दिसत नाही. वस्तुतः निम्म्याच्या आसपास रुग्णांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होतो.

त्यावर संगणकाच्या साह्याने सराव करविण्याची पद्धत आता रूढ होत आहे. पडद्यावर आकृत्या, आकडे, शब्द झरझर येतात. रुग्णाने ते ओळखावयाचे, ध्यानात ठेवावयाचे, क्रमाने सांगावयाचे. उत्तरे बरोबर येऊ लागली की वेग आपोआप वाढतो, चुकली की उतरतो. अमेरिकेतील 135 रुग्णांवर झालेला एक प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी असा सराव घरीच बारा आठवडे केला, उरलेल्यांनी साधे संगणकीय खेळ खेळले. खेळणाऱ्यांनी अधिक तास खर्चूनही सराव करणाऱ्यांचीच प्रगती सरस ठरली. विशेष म्हणजे देखरेख दुरूनच होती.

या यशाने हुरळून जाऊ नये. व्याधी अधिक बळावलेल्या 311 रुग्णांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2023 साली आले. त्यात सराव आणि व्यायाम यांची जोडी नावापुरत्या सरावाहून सरस ठरली नाही. झिजलेले वेष्टन संगणक पुन्हा चढवीत नाही, आणि औषधोपचाराची जागाही घेत नाही. उपयोग व्हावयाचा तर तो लवकर, नियमाने आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली व्हावा, एवढेच तूर्त म्हणता येईल.

परंतु घरबसल्या करता येण्याजोगा हा उपाय मुंबई-पुण्यापेक्षा कळमनुरी, सेनगावसारख्या तालुक्यांनाच अधिक उपकारक आहे. दर आठवड्यास नांदेडची किंवा छत्रपती संभाजीनगरची एस.टी. पकडणे थकलेल्या रुग्णास झेपत नाही. या व्याधीतला थकवा तर झोपेनेही ओसरत नाही. हिंगोलीस 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे एक प्रशिक्षित व्यवसायोपचारतज्ज्ञ, काही संगणक आणि दूरध्वनीवरून पाठपुरावा एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. अट मात्र एक: सराव मराठीत हवा. इंग्रजी शब्दांची यादी पुढे ठेवून वसमतच्या शेतकरी स्त्रीची स्मृती जोखली, तर मोजले जाईल तिचे इंग्रजी.

आणि तोवर नोकरी टिकली पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी उल्लेख आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 20 अन्वये सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेला काढता येत नाही, त्याची पदावनतीही करता येत नाही. पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावयाचे. तसे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावयाचे. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही यात येतात, तेव्हा खासगी अनुदानित शाळेतील शिक्षकासही हे संरक्षण आहे. शेऱ्यांना कंटाळून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज घेऊन आलेल्या कर्मचाऱ्यास आस्थापना शाखेने हे कलम आधी दाखवावे, अर्ज नंतर स्वीकारावा.