कोर्सची फी भरण्याआधी शिकून आलेलीला विचारा



शिवणकाम, केक, ब्युटी पार्लर, टॅली, मसाल्याचं पॅकिंग... आता पुष्कळ गोष्टी घरबसल्या मोबाईलवर शिकता येतात. त्यासाठी कोणी गटातून अंतर्गत कर्ज मागितलं तर ते चांगलंच आहे. पण एक ध्यानात घ्या. कर्ज काढून घेतलेली शेळी पसंत पडली नाही तर विकता तरी येते. कोर्सची फी गेली की परत मिळणं अवघड, आणि गटाचा हप्ता तर दर महिन्याला भरावाच लागतो. म्हणून तो कोर्स आधी ज्यांनी केला त्यांचे अभिप्राय नीट वाचायला शिकूया.

नुसते तारे बघू नका

कोर्सच्या खाली पाचपैकी किती तारे मिळाले ते दाखवतात. ती सरासरी असते. चार जणींनी पाच-पाच तारे दिले तर सरासरी ५ दिसते. पाचवीने एकच तारा दिला की ती ४.२ वर येते. पण दोनशे जणींची सरासरी ४.३ असेल, तर एकीच्या एका ताऱ्याने ती फारशी हलत नाही. म्हणून किती जणींनी मत दिलंय तो आकडा आधी बघा.

काही अ‍ॅपवर पहिले एक-दोन धडे झाले की लगेच तारे मागतात. तेव्हा शिकणारी खुशीत असते. पुढे कंटाळून सोडून देणारी पुष्कळदा काही लिहीतच नाही.

कामाचा अभिप्राय कसा ओळखायचा?

नमुन्यादाखल ब्लाऊज कटिंगच्या कोर्सचे दोन अभिप्राय बघा.

पहिला : "खूप छान कोर्स! मॅडम एकदम मस्त शिकवतात."

दुसरा : "साधा ब्लाऊज चांगला जमला. कटोरीचा धडा फार घाईत घेतलाय. शिकवणं हिंदीत आहे. रोज एक तास दिला, दीड महिना लागला. शंका विचारली तर चार दिवसांनी उत्तर आलं."

पहिल्यात कौतुक आहे, माहिती काहीच नाही. दुसरीने तक्रार केली असली तरी तिच्यामुळे आपल्याला ठरवता येतं. साधा ब्लाऊजच शिकायचा असेल तर हा कोर्स चालेल, कटोरी शिकायची असेल तर दुसरा बघावा. पाच ताऱ्यांपेक्षा तीन-चार ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचा. त्यात चांगलं-वाईट दोन्ही सापडतं.

खोटे अभिप्रायही असतात

एकाच दिवशी आलेले, एकसारख्या शब्दांतले, नुसत्या स्तुतीचे अभिप्राय दिसले तर सावध व्हा. पैसे देऊन असं लिहून घेतलं जातं. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाईन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक स्वरूपात. म्हणून आपली नजर आपणच ठेवायची.

काही कोर्समध्ये नवीन मैत्रीण जोडली की जोडणारीला कमिशन मिळतं. म्हणून शिफारस करणाऱ्या ताईला सरळ विचारा, "मी फी भरली तर तुला काही मिळणार आहे का गं?" यात राग मानण्यासारखं काही नाही.

गटाची अभिप्राय वही

अनोळखी शंभर जणींपेक्षा आपल्यासारखीच रेंज, आपल्यासारखाच मोबाईल आणि घरकाम असलेल्या एका मैत्रिणीचा अनुभव जास्त उपयोगी पडतो. म्हणून ठराव वहीसारखी एक वही यासाठी ठेवा. कोर्स केलेल्या, आणि अर्धवट सोडलेल्या ताईलाही, हे प्रश्न विचारून उत्तरं लिहा :

१. फी किती भरली? नंतर आणखी पैसे मागितले का?
२. कोणत्या भाषेत शिकवतात? ते समजलं का?
३. मोबाईलवर भागलं की लॅपटॉप लागला? नेट किती लागलं?
४. रोज किती वेळ दिला, किती दिवस?
५. शंकेला उत्तर मिळालं का?
६. शिकून काय करता आलं? एखादी ऑर्डर मिळाली का?
७. सोडला असेल तर कशामुळे?

जे घडलं तेवढंच लिहा. गावात रेंज नव्हती म्हणून व्हिडिओ अडकला, तर दोष कोर्सचा नाही, पण पुढच्या ताईला ते कळायला हवं. जिला लिहिता येत नाही तिचं सचिवाने ऐकून लिहून घ्यावं.

फी भरण्याआधी हेही बघा

तेच शिक्षण जिल्ह्यातल्या आरसेटीमध्ये मिळतं का, ते सीआरपी ताईंना विचारा. तिथं प्रशिक्षण, जेवण आणि राहणं मोफत असतं. केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर शिकायला पैसे लागत नाहीत, पण प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी असते. म्हणजे 'मोफत' शब्द दिसला तरी काय मोफत आणि कशाला पैसे, हे विचारायचंच.

कोणालाही ओटीपी सांगू नका. पैशांची ऑनलाईन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. फी घेऊन कबूल केलेलं शिकवलं नाही, तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कोर्ससाठी कर्जाची मागणी आली की आधी वही उघडा. वहीत त्या कोर्सचं काही नसेल, तर ग्रामसंघाच्या बैठकीत इतर गटांना विचारा. कोणीतरी तो केलेला असू शकतो.