फॉस्फर ब्राँझच का?

चलकुंडल गॅल्व्हॅनोमीटर शिकवताना एक वाक्य हमखास येते : वेटोळे फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्टीने टांगलेले असते. विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. एखाद्या चौकस मुलीने विचारलेच, ‘सर, तांब्याची पट्टी का नाही? पोलादाची का नाही?’, तर ‘फॉस्फर ब्राँझ जास्त स्थितिस्थापक असते’ असे सांगून आपण तिची बोळवण करतो.

हे उत्तर पुस्तकाशी ताडून पाहू. रबरापेक्षा पोलाद अधिक स्थितिस्थापक, कारण त्याचा यंग गुणांक मोठा, असे आपणच शिकवलेले असते. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, तांब्याचा १२०च्या आसपास आणि फॉस्फर ब्राँझचा ११०. म्हणजे या व्याख्येने फॉस्फर ब्राँझ तिघांत शेवटचे! मुलीचा प्रश्न उरतोच.

गोंधळाचे मूळ असे, की यंग गुणांक पदार्थाचा ताठपणा सांगतो. स्प्रिंगकडून आपल्याला वेगळेच हवे असते : तिने पुष्कळ वाकावे आणि सोडताच मूळ जागी परतावे. त्यासाठी दोन गोष्टींचे गुणोत्तर पाहावे लागते. कायमचा बाक न येता पदार्थ किती प्रतिबल सोसतो, याला यंग गुणांकाने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे पदार्थाला परवडणारी विकृती.

एक मीटर लांबीच्या पट्ट्या ताणण्याची कल्पना करा. नरम तांब्याची पट्टी अर्धा मिलिमीटर ताणली, की पुढचा ताण कायमचा. थंड अवस्थेत लाटून कडक केलेली फॉस्फर ब्राँझची पट्टी सुमारे पाच मिलिमीटर ताणून सोडली तरी परत येते. स्प्रिंगच्या पोलादाची सात-आठ मिलिमीटर. पोलादाच्या निम्म्याहूनही कमी प्रतिबल सोसणारे ब्राँझ पोलादाच्या इतक्या जवळ पोचते, ते त्याचा गुणांकही जवळजवळ निम्मा आहे म्हणून.

तांबे एवढे लवकर का हरते? धातूच्या स्फटिकात अणूंचे थर असतात आणि या रचनेत जागोजागी दोष असतात. ताण आला, की हे दोष सरकतात आणि त्यांच्यासोबत एक थर दुसऱ्यावरून घसरतो. मोठा गालिचा सरकवताना त्याला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत न्यावी, तसे हे घडते. शुद्ध तांब्यात सुरकुतीला अडवणारे कोणी नसते. कथिलाचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा मोठा. तो रचनेत बसतो, पण शेजाऱ्यांना रेटून. अशा ठिकाणी सरकणारा दोष अडखळतो. पुढे पट्टी थंड अवस्थेत लाटली, की दोषांची संख्या इतकी वाढते, की ते एकमेकांचीच वाट अडवतात.

यातला दुसरा भाग वर्गात दाखवता येतो. वायरीतली एकेरी जाड तांब्याची तार प्लॅस्टिक पूर्ण काढून ज्योतीवर लाल करा व थंड होऊ द्या. ती बोटांनी सहज वाकते. एकाच जागी चार-सहा वेळा वाकवली, की ती जागा कडक लागते. पुन्हा तापवा, पुन्हा नरम.

मग नावात मिरवणाऱ्या फॉस्फरसचे काम काय? कथील सर्वसाधारणपणे ४ ते ८ टक्के, तर फॉस्फरस अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याची मुख्य कामगिरी भट्टीतली. वितळलेल्या धातूतला ऑक्सिजन तो स्वतःकडे ओढून घेतो. नाहीतर कथिलाच्या ऑक्साइडचे कठीण कण आत राहून पट्टी तिथेच तडकते. उरलेला थोडा फॉस्फरस मिश्रधातूला आणखी कणखर करतो, हा वरचा फायदा.

आता त्या मुलीला उत्तर देता येईल. पट्टीला पीळ द्यायला जितके कमी बल लागेल, तितके गॅल्व्हॅनोमीटर संवेदनक्षम. म्हणून कमी ताठपणा इथे गुणच ठरतो. (तारेऐवजी चपटी पट्टी घेण्याचे कारणही हेच. तेवढेच वजन पेलून ती सहज पिळली जाते.) तांब्याच्या पट्टीत पीळ थोडा कायमचा राहील आणि शून्य सरकेल. पोलाद गंजते, आणि शेजारी तर जबरदस्त चुंबक! क्वार्ट्झचा धागा परतण्यात सर्वांहून सरस. गुरुत्वस्थिरांक मोजताना चार्ल्स बॉईज यांनी तोच वापरला व १८९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण क्वार्ट्झमधून वीज जात नाही, आणि इथे वेटोळ्याला प्रवाह पट्टीतूनच पोचवायचा असतो. फॉस्फर ब्राँझची वाहकता तांब्याच्या साधारण १५ टक्के, पण या कामाला ती पुरते.

प्रयोगशाळेबाहेर हाच प्रश्न भिंतीवरच्या सॉकेटमध्ये भेटतो. प्लगची पिन घट्ट धरणारी आतली पाती म्हणजे एक स्प्रिंगच. ती सैल झाली, की स्पर्शाचा रोध वाढतो, रोधामुळे पाती तापते, तापल्याने आणखी सैल पडते. काळवंडलेला सॉकेट या चक्राची खूण असतो. अशा सॉकेटवर इस्त्री किंवा गीझर चालवणे धोक्याचे. स्वस्त पितळ इथे फॉस्फर ब्राँझपेक्षा लवकर सैल पडते. पितळाला आणखी एक खोड आहे. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. तबेल्यांतल्या घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना धातूत राहून गेलेला ताण, अशी तिहेरी युती त्यामागे होती. फॉस्फर ब्राँझ अमोनियाला बरेच अधिक दाद देत नाही.

त्याच्याही मर्यादा आहेत. शंभर अंशांच्या वर ते हळूहळू ताण सोडू लागते. तिथे सुमारे २ टक्के बेरिलियम असलेले तांबे वापरतात. नरम असताना हवा तो आकार द्यायचा आणि मग ३२० अंश सेल्सियसच्या आसपास दोन-तीन तास तापवायचे, की बेरिलियमयुक्त सूक्ष्म कण आत साकळून ते पोलादाशी बरोबरी करते. मात्र ते महाग आहे, आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते घासण्या-कापण्याचे काम विशेष काळजीने करावे लागते. मोटारीच्या आणि खाटांच्या स्प्रिंगांना यातले काही लागत नाही; तिथे स्वस्त आणि बळकट पोलादच योग्य.

किल्लीच्या मनगटी घड्याळातली केसासारखी स्प्रिंग मात्र साध्या पोलादाची चालत नाही. तापमान वाढले, की पोलादाचा यंग गुणांक किंचित घटतो आणि घड्याळ दर अंशामागे दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे पडते. शार्ल गियोम यांनी लोखंड, निकेल व क्रोमियम यांचा ‘एलिन्व्हार’ हा मिश्रधातू तयार केला. नेहमीच्या तापमानांत त्याचा गुणांक जवळजवळ बदलत नाही. निकेल-पोलादांवरील संशोधनासाठी गियोम यांना १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.