कॉफीच्या मळ्यांतील कीटकसृष्टि

कीटक म्हटला कीं तो चिरडावयाचा, एवढेंच आपल्याला ठाऊक असतें. कोडगू आणि चिकमगळूर येथील कॉफीच्या मळ्यांत मात्र या विचारानें चालत नाहीं.

तेथील मोठा वैरी म्हणजे खोडकिडा. हा एक सडपातळ भुंगेरा आहे. त्याची मादी सालीच्या भेगांत अंडीं घालते. अळी प्रथम सालीखालीं व मग लांकडांत शिरून बोगदे पाडते, आणि झाड वाळूं लागतें. अरेबिका जातीवर त्याचा विशेष रोख असतो. या किड्याला ऊन प्रिय; उन्हांत उघडें पडलेलें खोड तो नेमकें हेरतो. १८६० नंतरच्या दशकांत गोऱ्या मळेवाल्यांनीं रान साफ तोडून उघड्यावर कॉफी लावली, तेव्हां या भुंगेऱ्यानें मळेच्या मळे बसविले. मद्रास सरकारनें डॉ. जॉर्ज बिडी यांजकडून चौकशी करविली. त्यांचा अहवाल १८६९ सालीं निघाला. पुढें फणस, उंबर, शिसव यांच्या छायेंतच कॉफी वाढविण्याचा प्रघात दृढ झाला.

या छायावृक्षांवर दुसरीही वस्ती असते. उंच फांद्यांना आग्या माशांचीं पोळीं लोंबतात, ढोलींत सातेरी माशा राहतात. अरेबिका स्वतःच्या परागावर फळते. रोबस्टाला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. वारा तो थोडाबहुत नेतो, परंतु माशांच्या साहाय्यानें फलधारणा पुष्कळ वाढते. पानें शिवून घर करणारी तांबडी मुंगी तर मित्र कीं शत्रु, तेंच ठरवितां येत नाहीं. ती अळ्या मारते. पण कॉफीचा रस शोषणाऱ्या हिरव्या खवलेकिडीला गोड स्रावाच्या लोभानें राखतेही. शिवाय फळें तोडणाऱ्या बायांना कडकडून चावते, तें निराळेंच!

फळ पोखरणारा, तिळाएवढा आफ्रिकी भुंगेरा आपल्या देशांत १९९० सालीं निलगिरींतील गुडलूरकडे प्रथम आढळला. त्यावर मुख्य उपाय साधाच : झाडावर राहिलेलीं व खालीं गळलेलीं फळें एकूणएक वेंचून काढणें. मजुरी मात्र फार लागते.

आतां अनेक ठिकाणीं देशी वृक्ष जाऊन ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक येत आहे. तो झपाट्यानें वाढतो, त्यावर मिरीचा वेल चढतो आणि लांकडाचे पैसे होतात. लहान मळेवाल्याला याबद्दल दोष देववत नाहीं. पण त्या सरळसोट झाडाला ना उंबराचा पसारा, ना जुन्या वृक्षाच्या ढोली. मार्चच्या सुमारास सर पडली कीं आठ-दहा दिवसांत मळा पांढराशुभ्र फुलतो, आणि दोन-तीन दिवसांत तीं फुलें कोमेजतात. माशी काय ती तेवढ्या अवधींत जवळपास असावी लागते.