वळ नाही, तरी छळ
अंगावर वळ नाही म्हणजे छळ नाही, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मात्र अपमान, धमक्या, पगार काढून घेणं हेही हिंसेतच धरतो. ‘काळजी वाटते’ म्हणत रोज मोबाइल तपासणारा नवरा पाळत ठेवत असतो. मारून झाल्यावर साडी आणणारा तर जास्तच फसवा: कधी मार, कधी लाड, या बेभरवशानंच मन गुंतून राहतं. अशा घरातून निघायचं ठरवलं, तर तो बेत नवऱ्याला कळू देऊ नये. सोडून जातानाच जिवाला धोका वाढतो. आधार कार्ड, पासबुक, थोडे पैसे भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवावेत. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करावा, कारण कॉलची यादी तो बघतो. जिल्ह्यातले संरक्षण अधिकारी न्यायालयात अर्ज करायला मदत करतात. आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं, तरी तिथं राहण्याचा हक्क बायकोला आहे.