खोक्यावरची किंमत आणि खरी किंमत

दहावीचा निकाल लागला, की वस्तीतल्या अनेक घरांत एक मागणी हमखास होते. "पप्पा, तुम्ही शब्द दिला होता. आता प्लेस्टेशन घ्या." वडील पगाराचा विचार करतात, आई भिशीचा. शेवटी पोराचे मन मोडायला नको म्हणून हप्त्यावर यंत्र घरात येते.

आम्ही या मागणीची चेष्टा करणार नाही. खेळण्याची हौस फक्त बंगल्यातल्या मुलांनीच करावी, असा काही नियम नाही. परंतु हौस पुरवताना हिशेब केलाच पाहिजे. त्यासाठी दुकानात जाण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. यंत्र टिकेल किती? आणि घेतल्यानंतर ते आणखी पैसे किती मागेल?

महाग ते टिकाऊ?

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आला. काही काळातच अनेक यंत्रांवर लाल दिवे लागू लागले आणि ती बंद पडू लागली. यंत्र सतत तापून थंड होत असल्याने आतले सूक्ष्म सांधे तडकत होते. गिऱ्हाइकांनी ओरड केली, तेव्हा जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडाची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

स्क्वेअरट्रेड या हमी विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये आपल्याकडील सुमारे १६ हजार यंत्रांची आकडेवारी जाहीर केली. दोन वर्षांत बिघडणाऱ्या यंत्रांचे प्रमाण एक्सबॉक्स ३६० मध्ये २३.७ टक्के, सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये १० टक्के आणि निन्टेन्डोच्या वीमध्ये २.७ टक्के होते. बाजारात आले तेव्हा या तिघांत सर्वांत स्वस्त होते ते वी!

म्हणून निन्टेन्डोचे सगळेच चांगले, असेही नाही. त्याच कंपनीच्या २०१७ च्या स्विच यंत्राची हातात धरायची दांडी हात न लावताही पात्राला पळवू लागली. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना गिऱ्हाइकांकडे दिलगिरी व्यक्त करावी लागली. तेव्हा नावावर न भुलता त्या त्या यंत्राची चौकशी करावी.

खेळायचे भाडे

दुसरा खर्च गुपचूप येतो. इंटरनेटवरून मित्रांशी खेळायचे, तर बहुतेक यंत्रांना वेगळी वर्गणी लागते. अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० ची किंमत ३९९ डॉलर आणि ऑनलाइन खेळाची वर्गणी वर्षाला ५० डॉलर होती. मोठ्या साठवणीचे प्लेस्टेशन ३ पडे ५९९ डॉलरला, पण त्यावर ऑनलाइन खेळ फुकट. आता बेरीज करा. चार वर्षांची वर्गणी २०० डॉलर, म्हणजे दोन्ही यंत्रे सारख्याच किमतीला पडली!

पुढे ती सवलतही गेली. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ पासून सोनीनेही वर्गणी लावली. निन्टेन्डो स्विचवरचा फुकट खेळ सप्टेंबर २०१८ मध्ये संपला. मात्र त्याची वर्गणी वर्षाला २० डॉलर, म्हणजे बरीच कमी होती. सोनीने सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वांत साध्या योजनेची वार्षिक वर्गणी ६० वरून ८० डॉलरवर नेली. या दराने पाच वर्षांचे ४०० डॉलर होतात. भारतातले दर वेगळे असतात, पण हिशेबाची रीत तीच.

जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्गणी जवळजवळ दुप्पट करण्याचे जाहीर केले होते. जगभरच्या खेळणाऱ्यांनी एकच गलका केला आणि त्याच दिवशी कंपनीने निर्णय मागे घेतला. एकजुटीने बोलले, की ऐकावे लागते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

आम्हीही फसलो

आम्ही स्वतः आमच्या मुलासाठी जुने यंत्र बिलाशिवाय घेतले. तीन महिन्यांत ते तापून बंद पडले. "बिल कुठे आहे?" असे दुकानदाराने विचारले, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. हिशेब लिहून पोट भरणाऱ्या माणसाने बिल घेऊ नये! मुलाने तक्रार केली नाही, याचेच जास्त वाईट वाटले.

म्हणून सांगतो, बिल आणि हमीपत्र जपून ठेवा. बाहेरदेशातून आणलेले यंत्र असेल, तर हमी इथे चालेल का ते विचारा. यंत्र बंद कपाटात ठेवू नका, त्याला वारा लागू द्या. तबकडी लागणारे यंत्र घेतल्यास जुन्या तबकड्या आपसांत बदलता येतात. एक्सबॉक्स सिरीज एस सारख्या यंत्राला तबकडीची सोयच नाही. फोर्टनाइटसारखे फुकट खेळ प्लेस्टेशनवर, तसेच एप्रिल २०२१ पासून एक्सबॉक्सवरही वर्गणीशिवाय खेळता येतात. दुकानदाराने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी. मुलाचा खेळ पहिल्या वाट्यातला आहे, तो आनंदाने द्यावा. पण हप्ता आणि वर्गणी चौथ्या वाट्यातून जाऊ लागली, तर मुलाला शेजारी बसवून हा सगळा हिशेब दाखवावा. दहावी पास झालेल्या पोराला बेरीज येते. जय भीम.